लाटांची टाकी: सोलापुरात समुद्राची लाट फोडून दाखवायची आहे

प्रयोगवही
नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांचं विज्ञान प्रदर्शन आहे. विषय: समुद्राची लाट किनाऱ्याजवळ येऊन का फुटते आणि फुटल्यावर किनाऱ्याचं काय होतं. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर लांब, म्हणून टाकीतच लाट करायची आहे. सध्या तीन फुटी माशांची टाकी, त्यात फूटभर पाणी आणि हाताने हलवायची फळी, एवढं जमलंय. पाणी नुसतं डुचमळतं, फुटत काही नाही. टाकी किती लांब हवी, फळी कशी हलवायची, उतार किती ठेवायचा, वाळू घालावी का, हे सांगा. तक्त्यावर मुलांनी लिहिलंय: "तळाशी घर्षण झाल्याने लाटेचा पाय अडखळतो, डोकं पुढे जातं आणि लाट फुटते." हे बरोबर आहे ना?

उथळपाणी
आधी टाकीचं. तीन फुटी टाकीत फूटभर पाणी असेल तर ते आपल्या आपण सुमारे १.२ सेकंदांच्या तालात डोलतं. हातही नकळत त्याच तालात चालतो. झोक्याला झोका मिळत जातो आणि सगळं पाणी एकदम या टोकाला, मग त्या टोकाला. याला पुढे जाणारी लाट म्हणत नाहीत, हे बादलीतलं हिंदकळणं झालं. लाट चालत येऊन फुटायची तर तिला फळीपुढे किमान एक लाटभर सपाट जागा हवी आणि त्यापुढे लांब उतार.

आकडे पाठच करून टाका, सोपे आहेत. पाणी १२ सें.मी. आणि आवर्तकाळ (एका माथ्यामागून दुसरा माथा यायला लागणारा वेळ) १ सेकंद ठेवला की लाटेची लांबी जवळजवळ बरोब्बर १ मीटर येते आणि वेग सेकंदाला १ मीटर. उंची ४ सें.मी. ठेवा. १:५० च्या प्रमाणात पाहिलं तर ही ६ मीटर पाण्यातली २ मीटर उंच लाट झाली. मात्र काळ ५० पटींनी वाढत नाही, ५० च्या वर्गमुळाने म्हणजे ७ पटींनी वाढतो. तुमचा १ सेकंद म्हणजे समुद्रातले ७ सेकंद. २ मीटर, ७ सेकंद ही कोकणातल्या पावसाळ्यात अगदी रोजची लाट.

तक्त्यावरचं वाक्य बरोबर नाही. त्यावर सविस्तर लिहितो, आधी टाकीवाल्यांना बोलू द्या.

धोटा_आणि_फणी
हाताने एकसारखा ताल कुणालाच धरता येत नाही, मोटर लावा. जुन्या गाडीची वायपरची मोटर जुन्या बाजारात मिळते. १२ व्होल्ट, आतच गिअर, ताकद भरपूर. हळू वायरवर मिनिटाला ४०-४५ फेरे, जलद वायरवर ६०-६५. तुम्हाला ६० पाहिजेत, म्हणून जलद वायर घ्या आणि मध्ये पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर टाकून थोडी कमी करा. सप्लाय १२ व्होल्ट, १० अँपिअरचा घ्या. चालू लागताना ती झटका ओढते, ५ अँपिअरवाला बंद पडतो. बऱ्याच वायपर मोटरांची बॉडीच ऋण टोक असते. ती पत्र्याला लागू देऊ नका, आणि सप्लाय टाकीपासून लांब, टेबलाच्या खाली नको, बाजूला वर ठेवा. पाणी सांडणारच आहे, ते धरूनच चाला.

फळी बिजागरीवर झुलवण्यापेक्षा सरळ पुढे-मागे सरकवा. वर दोन ड्रॉवर चॅनल बसवा, त्यांना फळी टांगा. क्रँकची त्रिज्या २७ मि.मी. ठेवा, म्हणजे फळी ५४ मि.मी. सरकेल. क्रँकला फळी जोडणारा दांडा २५ सें.मी. तरी ठेवा की ओ, आखूड करू नका. दांडा आखूड झाला की फळीचं एका टोकाला रेंगाळणं आणि दुसऱ्या टोकाला झटकन फिरणं सुरू होतं. यंत्रमागात ते मुद्दाम करतात. धोटा (आडवा धागा नेणारा) आरपार जाईपर्यंत फणी (तो धागा ठोकणारी) मागे थोडी जास्त थांबायला लागते. इथे धोटा नाही, दांडा आखूड केला तर नुसती लाट वेडीवाकडी येईल.

उथळपाणी
त्रिज्येचा आकडा चोख दिलात. १२ सें.मी. पाण्यात १ सेकंदाच्या लाटेला सरळ सरकणाऱ्या फळीची लाट सरकण्याच्या पाऊणपट येते, म्हणजे ५४ मि.मी. ला ४ सें.मी. तीच फळी तळाशी बिजागरीवर असती तर पाण्याच्या पातळीला १० सें.मी. झुलवावी लागली असती.

साडेपाच_मिमी
टाकीचं सांगतो. प्लायची लांबी ८ फूट येते, तुम्हाला १२ फूट लागतील. ८ + ४ असा जोड येणारच. आतून १५ सें.मी. रुंद, ३० सें.मी. उंच. १८ मि.मी. चा मरीन प्लाय घ्या. साध्या कमर्शियल प्लायचे थर चार दिवसांत सुटतात. मागची बाजू आणि तळ प्लायचा, पुढची बाजू ६ मि.मी. काचेची, ४-४ फुटांचे तीन तुकडे. काच बाहेरून चिकटवायची नाही, आतून टेकवायची, म्हणजे पाण्याच्या दाबाने ती चौकटीवर बसते. बाहेरून लावली तर तोच दाब तिला सुटवत राहतो. अॅक्रिलिक घेऊ नका. ६ मि.मी. चं अॅक्रिलिक एवढ्या लांबीला पोट काढतं, मग फळीच्या कडेची फट मधोमध वाढते.

जोडाच्या खाली दीड फुटाची प्लायची पट्टी मारा, दोन्ही बाजूंना स्क्रू. जोड गळतो तो सिलिकॉनमुळे कमी आणि टेबल डगमगल्याने जास्त. दोन टेबलांवर टाकी ठेवली आणि टेबलांत सुताचा फरक राहिला की जोड उघडला म्हणून समजा. सिलिकॉन अॅसिटिक वासाचं चालेल, पण २४ तास गेल्याशिवाय पाणी नको. उन्हात ठेवून लवकर वाळत नाही, वरची साय धरते आणि आत ओलं राहतं.

फळीच्या दोन्ही कडांना २ मि.मी. फट ठेवा. खिडकीला लावतात ती ब्रश पट्टी लावली तर उत्तम. सेंटीमीटरभर फट राहिली की पाणी कडेने मागे पळतं आणि ४ सें.मी. ऐवजी ३ सुद्धा येत नाही. फळीच्या मागे ४० सें.मी. जागा सोडून तिथे भांडी घासायच्या नायलॉनच्या जाळ्या कोंबा, नाहीतर मागचं पाणी उसळून मोटरवर येतं.

पाणी ५० लिटरच्या आसपास लागेल. बोअरचं घालू नका, काचेवर पांढरे थर चढतात आणि व्हिडिओत लाट दिसत नाही. नळाचं घाला, आणि रात्री टाकी झाकून ठेवा. धुळीची साय धरली की बारीक लाटा मरतात, शिवाय आपल्याकडे नळ कधी येईल त्यावर प्रयोग अवलंबून नको.

प्रयोगवही
मोटर आणि प्लाय दोन्ही कळलं, आभार. पण घर्षणाचं समजावून सांगा. मुलांनी दोन पुस्तकं दाखवली, दोन्हींत तेच आहे.

उथळपाणी
पुस्तकांत ते सोपं म्हणून येतं. माणूस ठेचाळतो तशी लाट ठेचाळते, चित्र डोळ्यापुढे लगेच उभं राहतं. अडचण अशी की लाटेला पाय नसतो.

खोल पाण्यात लाट पुढे जाते, पाणी जात नाही. पाण्याचा कण जागच्या जागी गोल फिरतो आणि खोल जाल तसं ते वर्तुळ लहान होत जातं. लाटेच्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीवर ते जवळजवळ संपतं. खोल पाण्यातली लांबी काढायची तर आवर्तकाळाचा वर्ग गुणिले १.५६. १० सेकंदांची लाट १५६ मीटर लांब असते. तिला तळाची पहिली चाहूल लागते ती ७८ मीटर पाण्यात.

तिथून पुढे एकच गोष्ट बदलत नाही, आवर्तकाळ. दर १० सेकंदांनी एक माथा आत येतो, तर दर १० सेकंदांनी एक बाहेरही पडायला हवा. पण उथळ पाण्यात वेग खोलीवर ठरतो: खोली गुणिले ९.८१, त्याचं वर्गमूळ. ५ मीटर पाण्यात सेकंदाला ७ मीटर, २ मीटर पाण्यात ४.४. म्हणून लाटा दाटीवाटीने येतात आणि लांबी घटते. ऊर्जा तीच आणि पुढे सरकणं मंद, मग उरतो एकच मार्ग, उंच होणं. खोल समुद्रातली १ मीटर उंच, १० सेकंदांची लाट पावणेदोन मीटर पाण्यात पोचते तेव्हा १५६ मीटरची ४१ मीटर झालेली असते आणि १ मीटरची सुमारे १.३७. उंची खोलीच्या ०.७८ पट झाली की लाट फुटते. १.३७ भागिले १.७५ करून पाहा.

आता फुटणं म्हणजे काय ते. माथ्याखाली पाणी जास्त, दरीखाली कमी, म्हणून माथा दरीपेक्षा जोरात चालतो आणि पुढची बाजू उभी होत जाते. त्याच वेळी माथ्यावरच्या कणांचा स्वतःचा पुढे जायचा वेग वाढत असतो. ज्या क्षणी तो खुद्द लाटेच्या वेगापुढे जातो, त्या क्षणी पाणी लाट सोडून पुढे पडतं. यात तळाने घासण्याचं काम कुठेच आलं नाही. तळ अगदी गुळगुळीत असता तरी हेच झालं असतं.

पटत नसेल तर दोन उदाहरणं. भर समुद्रात हजारो मीटर पाण्यावर वारा सुटला की पांढरे तुरे दिसतात. त्याही फुटलेल्याच लाटा, पण तिथे घासायला तळ आहेच कुठे? तिथे मर्यादा चढाची: उंची लांबीच्या सातव्या हिश्श्याच्या वर गेली की माथा टिकत नाही. उलट उदाहरण केरळचं. अलप्पुळाच्या बाजूला पावसाळ्यात किनाऱ्याजवळ मऊ चिखलाचे पट्टे तयार होतात, चाकरा म्हणतात. तिथे तळ खरोखर लाटेची ऊर्जा खातो. आणि होतं काय, तर लाट फुटतच नाही, मुकाट विरते. ऐन पावसाळ्यात कोळी तिथे होड्या लावतात. घर्षणाने लाट मरते, फुटत नाही.

सीनाकाठ
हे टाकीत दाखवता आलं तर मजा. टाकीत तिरके ठेवायचे, एकाच उताराचे दोन प्लायचे तक्ते करा. एकावर गुळगुळीत सनमायका, दुसऱ्यावर ६० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. लाट कुठे फुटते तिथे काचेवर चिकटपट्टी लावा. दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकाच जागी येतील. तक्त्यावरच्या वाक्यापेक्षा त्या दोन पट्ट्या परीक्षकांना जास्त कळतील.

उथळपाणी
फर्मास. पॉलिश पेपर भिजून सुटणार नाही असा वॉटरप्रूफ घ्या. पाणी फुटल्यावर किती वर चढतं यात फरक पडेल, खरखरीत तक्त्यावर कमी चढेल. घर्षणाचं काम तिथे आहे, फुटून झाल्यावर.

भगदाड
उताराचं कुणी बोललं नाही. फुटण्याचे मुख्य तीन प्रकार. वरून फेस घरंगळत येणारी ती फेसाळती, नळी करून आपटणारी ती कोसळती आणि न फुटता नुसतीच वर चढून परत जाणारी ती सरपटती. पुस्तकातली नावं स्पिलिंग, प्लंजिंग, सर्जिंग. कोणती येणार हे एका अंकावर ठरतं, इरिबारेन अंक. उताराला (उभं भागिले आडवं) लाटेच्या चढाच्या वर्गमुळाने भागायचं. चढ म्हणजे उंची भागिले खोल पाण्यातली लांबी. उत्तर ०.५ च्या आत असेल तर फेसाळती, ०.५ ते ३.३ कोसळती, त्यावर सरपटती.

तुमची लाट ४ सें.मी., खोल पाण्यातली लांबी १५६ सें.मी., चढाचं वर्गमूळ ०.१६. म्हणून तीन तक्ते करा: १:१२ ला फेसाळती, १:५ ला कोसळती, १:१.५ ला सरपटती.

उथळपाणी
१:१२ ला ०.०८३ भागिले ०.१६ म्हणजे ०.५२ येतं, नेमकं कुंपणावर. एक लाट अशी, एक तशी फुटेल आणि मुलं गोंधळतील. १:१५ ठेवा, ०.४२. जागा पुरते: १२ सें.मी. पाण्याला १८० सें.मी., वर ३ सें.मी. चढायला ४५, मिळून सव्वादोन मीटर. १२ फूट म्हणजे ३ मीटर ६६. फळीमागचे ४० गेले की मध्ये मीटरभर उरतो, एक लाट. बाकी दोन आकडे ठीक: १.२५ आणि ४.२.

भगदाड
मान्य, १:१५.

आणखी एक. तक्ता प्लायचा असेल तर तो तरंगणार. तळाशी दोन फरशीचे तुकडे बांधा आणि कडा ब्रश पट्टीने नाहीतर जुन्या टायर-ट्यूबच्या पट्टीने बंद करा. तक्त्याखालून पाणी ये-जा करत राहिलं तर लाट फुटायच्या आधीच बसते, आणि दोष कशात आहे ते शोधता शोधता दिवस जातो. १:१.५ च्या तक्त्यावर पहिल्या पाच-सहा लाटाच खऱ्या. मग परत आलेली लाट फळीवर आपटून पुन्हा येते आणि सगळं मिसळतं. मोटर बंद करून पाणी शांत होऊ द्यायचं, पुन्हा चालू.

उभी भिंतही एकदा लावून बघा. परतणारी आणि येणारी लाट मिळून भिंतीपाशी उंची दुप्पट होते. किनाऱ्यावर उभ्या भिंती बांधल्या की पुढची वाळू का खरवडली जाते, ते वाळू टाकून दिसेल.

मुरूम_हर्टिंग
सोलापुरात राहून लाटा फुटताना बघायच्या तर उजनीवर जा, टाकी नंतर करा. जून-जुलैचा पश्चिमेचा वारा पाण्यावरून धरणाकडे येतो आणि भिंतीच्या पिचिंगवर (उतारावरच्या दगडी अस्तरावर) दिवसभर आपटतो. मघाचा इरिबारेन अंक तिथेही लागतो. १ मीटर उंच, साडेतीन सेकंदांची लाट धरा, खोल पाण्यातली लांबी १९ मीटर. १:२.५ च्या उतारावर अंक येतो १.७५. कोसळती. मातीच्या धरणांना हाच प्रकार सर्वांत त्रासाचा, कारण पाण्याचा अख्खा लोट एका जागी वरून दगडांवर पडतो.

पण लोक समजतात तसा दगड आपटण्याने निघत नाही, परतण्याने निघतो. लाट वर चढते तेव्हा दगडांच्या फटींतून पाणी मागच्या थरात शिरतं. लाट झपकन खाली जाते, आतलं पाणी तेवढ्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही, ते दगडाला आतून ढकलतं. दगडाखाली खडी आणि वाळूचे फिल्टर थर नीट प्रतवारीने घातलेले नसतील तर दर लाटेला चिमूटभर वाळू फटीतून बाहेर जाते. वर्षभर काही दिसत नाही. मग एक दिवस हातभर खड्डा पडतो, वरचा दगड बसतो, शेजारचे सुटे होतात. दुरुस्तीला गेलेला माणूस फक्त वरून दगड भरतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच खड्डा परत. आधी दगड काढून फिल्टर बघायचा.

दगडाचं वजन हडसनच्या सूत्राने येतं. २.७ घनतेचा काळा दगड, १:२.५ उतार, १ मीटर लाट, खडबडीत दगड विस्कळीत टाकला तर साधारण ११० किलोचा लागतो. लाट २ मीटर झाली तर वजन दुप्पट नाही, आठपट: ८८० किलो. उंचीचा घन आहे त्यात. हाताने ठासून बसवलेल्या पिचिंगला थोडं हलकं चालतं, शेजारचे दगड एकमेकांना धरून ठेवतात. समुद्रात ३ मीटर लाटेला १:२ उतारावर दगड चार टनांच्या पुढे जातो, तिथे टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, येतात. पाय एकमेकांत अडकतात म्हणून तेच काम दोन टनांत होतं. १९५० मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत निघालेली ती वस्तू.

उजनीचं आणखी एक वैशिष्ट्य. पातळी कधी मायनसमध्ये, कधी शंभर टक्के, त्यामुळे लाटेचा मार उतारावर एका पट्ट्यात राहत नाही, वर-खाली फिरत असतो. ११७ टीएमसी एकूण साठ्यात ६३ च्या वर मृतसाठा, म्हणून मायनसमध्येही पाण्याचा पसारा मोठा आणि वाऱ्याला पळायला जागा मोकळी.

होडीतळ
वाऱ्याला पळायची जागा, म्हणजेच फेच, हा मुद्दा बोटींसाठी फार महत्त्वाचा. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. तेव्हा बरेच जण म्हणत होते, धरणात एवढी मोठी लाट येतेच कशी. मोठी येत नाही, आखूड येते.

त्या घटनेचा नव्हे, सर्वसाधारण हिशोब देतो. ताशी ७२ किलोमीटरचा म्हणजे सेकंदाला २० मीटरचा वारा एकाएकी सुटला आणि वीस मिनिटं टिकला. फेच पाच किलोमीटर असला तरी वीस मिनिटांत लाट पूर्ण वाढत नाही, त्याला तासभर लागतो. प्रचलित सूत्राने लाट येते सुमारे ३३ सें.मी. उंच, १.७ सेकंदांची, साडेचार मीटर लांब. सूत्रात वाऱ्याचा साधा वेग घातलाय, दुरुस्त वेग घातला तर आकडा वाढेल. शिवाय ही मोठ्या लाटांची सरासरी, अधूनमधून तिच्या पावणेदोन पट येतेच. म्हणजे ६० सें.मी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण साडेचार मीटर लांबी ही लहान बोटीच्या लांबीएवढी. नाक एका माथ्यावर, बूड दुसऱ्यावर, किंवा नाक थेट पुढच्या लाटेत. दर पावणेदोन सेकंदांनी. समुद्रातली २ मीटरची पण दीडशे मीटर लांब लाट बोटीला अलगद उचलून ठेवते, ही कडेवरून पाणी आत फेकते. बोट आडवी झाली आणि माणसं एका बाजूला सरकली की संपलं.

आणि हो, अशा लाटेला अडीच मीटरच्या खाली तळ आहे की नाही हेही कळत नाही, तरी ती फुटते. घर्षणवाल्यांसाठी.

प्रयोगवही
उजनीचा वेगळा तक्ताच करतो आता. वाळूचं काय?

सीनाकाठ
नदीची वाळू ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन घ्या. धुतली नाही तर पहिल्या मिनिटात टाकीचा चहा होतो. १:१५ च्या तक्त्यावर ३ सें.मी. थर द्या.

आधी फक्त लहरी उमटतील, ५-७ सें.मी. अंतराच्या. घाबरू नका, अर्धा तास मोटर चालू द्या. ४ सें.मी. च्या लाटेने वरची वाळू निघून फुटण्याच्या जागेच्या अलीकडे-पलीकडे वाळूचा दांडा (पाण्याखालचा उंचवटा) तयार होऊ लागेल. मग क्रँकची त्रिज्या १० मि.मी. करा, लाट दीड सें.मी. ची होईल. तास-दोन तासांत वाळू हळूहळू परत वर सरकते. कोकणातल्या पुळणी (वाळूचे किनारे) वर्षभर हेच करतात: जून ते सप्टेंबर वाळू आत समुद्रात दांड्यावर, ऑक्टोबरपासून मेपर्यंत परत किनाऱ्यावर. पावसाळ्यात पुळण खरवडलेली पाहून लोक ओरडतात, पण दिवाळीनंतरही वाळू परतली नाही तर खरी काळजी.

ढोबळ कसोटी: लाटेची उंची भागिले (वाळू पाण्यात बसण्याचा वेग गुणिले आवर्तकाळ). ०.२ मि.मी. चा कण सेकंदाला अडीच सें.मी. च्या आसपास बसतो. ४ सें.मी. ला उत्तर १.६, दीडला ०.६. टाकीत एकच्या वर गेलं की वाळू आत जाते, खाली आलं की किनाऱ्याकडे. याचं कारण असं की लाटेने उचललेला कण परतीच्या झोताआधी खाली बसला तर पुढे जातो, तरंगत राहिला तर परतीच्या पाण्याबरोबर मागे.

एक कबूल करून तक्त्यावर लिहा: वाळू ५० पटींनी लहान करता येत नाही. केली तर तिचं पीठ होतं आणि पीठ चिकटतं. म्हणून टाकीतली वाळू हे प्रमाणातलं मॉडेल नाही, नुसतं प्रात्यक्षिक आहे.

उथळपाणी
अरुंद टाकीत रिप करंट (किनाऱ्याकडून खोल समुद्रात नेणारा प्रवाह) दिसणार नाही, आणि सोलापूरहून कोकणात फिरायला जाणाऱ्याला उपयोगाचं तेच आहे. त्यासाठी वेगळी पसरट ट्रे: ४ × ४ फूट, पाणी ५ सें.मी., किनाऱ्याला समांतर वाळूचा बांध, त्यावर दीड सें.मी. पाणी राहील एवढा उंच, मध्ये १५ सें.मी. ची खिंड. पूर्ण रुंदीची फळी हाताने सावकाश हलवा, २ सें.मी. लाट पुरे. बांधावर लाटा फुटतात आणि पाणी पलीकडे टाकतात. ते पाणी बांधावरून परत येऊ शकत नाही, कडेकडेने खिंडीपर्यंत चालतं आणि खिंडीतून सुसाट बाहेर. खिंडीजवळ पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा टाका. जांभळी रेघ सरळ खोल पाण्याकडे जाईल.

तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं ते हे: खिंडीत पाणी खोल, म्हणून तिथे लाटा फुटत नाहीत. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत, गडद पट्टा दिसतो. पोहायला सुरक्षित म्हणून माणूस नेमका तिथे उतरतो. प्रवाह साधारण सेकंदाला अर्धा ते एक मीटर, कधी दोनच्याही वर. दोन म्हणजे ऑलिंपिकच्या जलतरणपटूचा वेग, उलट पोहून कुणी जिंकत नाही. सापडलात तर तरंगत राहा, हात वर करून ओरडा, दमछाक न होता किनाऱ्याला समांतर सरका आणि जिथे लाटा फुटतायत तिथून परत या. हा प्रवाह खाली ओढत नाही, बाहेर नेतो. लोक बुडतात ते दमल्याने. वाचवायला मागून उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, ट्यूब, काहीतरी तरंगणारं फेका.

वारा नाही म्हणून समुद्र शांत, हाही भ्रम. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाची १४ सेकंदांची लाट समूहाने ताशी ३९ किलोमीटर चालते, दिवसाला साडेनऊशे. पाच-सहा दिवसांनी ती निरभ्र आकाशाखाली आपल्या किनाऱ्यावर येते. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. तिथे उंचीबरोबर सेकंदांचा आकडा बघा. १ मीटर ६ सेकंद आणि १ मीटर १४ सेकंद या दोन वेगळ्याच लाटा आहेत.

धोटा_आणि_फणी
टाकीत फेस टिकंना तर काय करायचं? पांढरंशुभ्र दिसायला पाहिजे ना.

भगदाड
गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि लगेच वर येऊन फुटतात. खाऱ्या पाण्यात ते मिसळत नाहीत, बारीक राहतात, म्हणून समुद्र पांढरा. टाकीत मीठ घालू नका, ५० लिटरला पावणेदोन किलो लागेल आणि चॅनल गंजतील. साबण तर अजिबातच नको. त्याऐवजी शेजारी दोन बाटल्या ठेवा, लिटर-लिटर पाणी, एकीत ३५ ग्रॅम खडे मीठ. दोन्ही एकदम हलवा, मिठाची बाटली जास्त वेळ दुधाळ राहते. समुद्राची गाजही या बुडबुड्यांचीच. १ मि.मी. त्रिज्येचा बुडबुडा तयार होताना सेकंदाला सुमारे ३,३०० कंपनांचा आवाज करतो, मोठा असेल तर खालच्या पट्टीत.

प्रयोगवही
तक्त्यावरचं वाक्य आता असं केलंय: "पाणी उथळ झालं की लाट मंदावते, दाटते, उंच होते. माथ्यावरचं पाणी लाटेपेक्षा वेगाने जाऊ लागलं की लाट फुटते." चालेल?

उथळपाणी
चालेल. खाली ०.७८ लिहा आणि काचेवर ५.१ सें.मी. खोलीच्या जागी, म्हणजे १:१५ च्या तक्त्यावर पाण्याच्या काठापासून ७७ सें.मी. अंतरावर, लाल पट्टी लावा. लाट तिच्या आसपास फुटेल, थोडी मागेपुढे. उंची उतारावर जरा वाढते, म्हणून बहुतेक फळीच्या बाजूला.

साडेपाच_मिमी
व्हिडिओ काढताना मोबाइल स्लो मोशनवर ठेवा, २४० फ्रेम जमत असेल तर तेच. मागच्या प्लायला आतून मॅट काळा रंग, दिवा वरून, समोरून नाही. समोरून लावला तर काचेत मोबाइलच दिसतो.